तोडणकर फोरमनचा कान

तोडणकरांनी मोटार कंपनीच्या वकिलाला भर सुनावणीत रडवले, असे रत्नागिरीत आजकाल सांगितले जाते. हे खोटे आहे. त्या गृहस्थांना सर्दी झाली होती. ते कोल्हापूरहून सकाळच्या गारठ्यात घाट उतरून आले होते आणि दिवसभर नाकाडोळ्यांना रुमाल लावून बसले होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. ज्यांनी ही कथा तोडणकरांच्या शोकसभेत रंगवून सांगितली, ते त्या दिवशी सुनावणीच्या खोलीतच काय, इमारतीच्या आवारातही नव्हते.

शोकसभेत तीन वक्ते बोलले. पहिल्याने तोडणकरांना ऋषी केले. दुसऱ्याने वकिलांचा कर्दनकाळ केले. तिसरा कोणी तरुण पत्रकार होता; त्याने ‘कायद्याचे एक पुस्तक न वाचता कायद्याला हरवणारा माणूस’ असे म्हणून टाळ्या घेतल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. जवळजवळ पन्नास वर्षे ज्याने या जिल्ह्यात वकिली केली आणि ज्याने तोडणकरांच्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणाचा प्रत्येक कागद स्वतःच्या हाताने लिहिला, त्याला दोन शब्द बोलायला सांगावे असे संयोजकांना सुचले नाही. तेव्हा मी येथे लिहितो. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी पुराव्यासह घ्यावा.

सदाशिव तोडणकर एस. टी.च्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. मुरुगवाड्यात त्यांचे चार खोल्यांचे घर. बुटका, काळासावळा माणूस. शर्टाच्या बाह्या बरोबर तीनदा दुमडलेल्या. कोरा चहा दिवसातून सहा वेळा. ते ऋषी नव्हते. ऋषी शिव्या देत नाहीत. गॅरेजवाल्याने नवा भाग घालून जुना भाग भंगारात टाकला, असे कोणी सांगितले की तोडणकरांच्या तोंडून जे निघे ते मी येथे लिहू शकत नाही.

त्यांचा डावा कान कार्यशाळेतल्या धडधडाटाने कायमचा गेला होता. त्यामुळे समोरचा बोलू लागला की ते तोंड फिरवून उजवा कान पुढे करत आणि भिंतीकडे पाहत राहत. पहिल्या भेटीत मी त्यांना एक कायदेशीर मुद्दा समजावून सांगत होतो आणि ते माझ्या घरच्या भिंतीवरच्या पालीकडे पाहत होते. हा माणूस माझा अपमान करतो आहे, असे मी वर्षभर मानत होतो. खरे कारण मला माझ्याच बायकोने सांगितले. तिला ते कोणी सांगितले, तर भाजीवालीने. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होते आणि मला नव्हते.

उजवा कान मात्र असा होता की त्याचा हेवा कोणालाही वाटावा. मला वाटला, हे मी लपवत नाही. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक ते चालू इंजिनावर टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने सांगत, “तिसऱ्या नंबरचा. पुढच्या बाजूचा.” मग इंजिन उघडले की दोष तिसऱ्या नंबरच्या पुढच्या बाजूलाच निघे. मला साक्षीदाराच्या पोटातून एक सरळ वाक्य काढायला तीन तारखा लागत.

निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे येऊ लागले, ते गाडी दुरुस्त करायला नव्हे. गाडीचा एखादा भाग मोडलेला असायचा, वॉरंटी संपलेली असायची, शोरूमने हात वर केलेले असायचे. अशा वेळी पुढे काय करायचे हे विचारायला ते येत. हा प्रश्न वकिलाचा आहे. माझी पाटी कोर्टाच्या वळणावर, रस्त्यावरून वाचता येईल अशी लावलेली होती. तिच्यासमोरून ही मंडळी मुरुगवाड्याकडे जात. त्यांतल्या कितीकांना मी ओळखत होतो. काही जण तर मला नमस्कार करून पुढे जात.

तोडणकरांची पद्धत ठरलेली असे. आलेल्या माणसाला ते आधी बसवत नसत. उभ्यानेच विचारत, “मोडलेला भाग कुठं हाय?”

“गॅरेजमध्येच राहिला.”

“मग हितं कशाला आलात? आधी तो घेऊन या. तो साक्षीदार हाय. साक्षीदाराला भंगारवाल्याच्या हातात देऊन कोण केस लढतो काय?”

दवाखान्यातून थेट आलेल्या एका डॉक्टरांना त्यांनी असेच दारातून परत पाठवले होते. डॉक्टर निमूटपणे गॅरेजमध्ये गेले आणि गाडीच्या एसीचा मोडका कॉम्प्रेसर मांडीवर घेऊन रिक्षाने परतले. माझ्याकडे हेच डॉक्टर भेटीची वेळ ठरवूनही अर्धा तास उशिरा येत.

भाग हाती आला की तोडणकर तो पुसत, पण धूत नसत. “धुतला की बोलत नाय,” असे म्हणत. मग घरातल्या दिनदर्शिकेचे त्या दिवसाचे पान फाडत, त्यावर गाडीचा क्रमांक घालत, ज्याने भाग काढला त्या गॅरेजवाल्याची सही घ्यायला मालकाला पिटाळत आणि ते पान दोऱ्याने त्या भागाला बांधून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. त्यांच्या ओटीवरच्या फळीवर अशी गाठोडी ओळीने मांडलेली असत. तोडणकरवहिनी आल्यागेल्याला सांगत, “लोकांच्या फळीवर देव असतात, आमच्या फळीवर बेअरिंगा. आणि कोण हात लावील तर ह्यांचा कोप होतो.”

गाठोडे बांधून झाले की माणसाला बसायला मिळे. मग दुसरा प्रश्न येई, आणि हा प्रश्न मात्र, प्रांजळपणे सांगतो, मला कधी सुचला नव्हता. “आवाज पैल्यांदा कधी आला?” मी अशा पक्षकाराला विचारी, वॉरंटी कधी संपली. ते विचारत, आवाज कधी आला. “संपल्याची तारीख कंपनीची असते,” ते म्हणत, “आवाजाची तारीख आपली.”

ते कोणालाही कंपनीशी भांडायला लावत, हा आणखी एक गैरसमज. खेडचा एक सिमेंटचा व्यापारी त्यांच्याकडे आला होता. इंजिन फुटले होते आणि वॉरंटी संपून पंधरवडा झाला होता. मी त्या दिवशी माझ्या स्कूटरच्या निमित्ताने तेथे होतो.

तोडणकरांनी भिंतीकडे तोंड करून विचारले, “जगबुडी नदीचं पाणी बाजारात शिरलेलं, तेव्हा गाडी कुठं होती?”

“दुकानापुढं.”

“चालू केलात?”

“एकदाच, फोरमन.”

“कितीदा?”

व्यापाऱ्याने त्या उजव्या कानाकडे पाहिले. कोर्टात शपथ घेतानाही माणूस इतका चाचरत नाही. “तीनदा केली,” तो म्हणाला.

“तीनदा पाणी पाजलात आणि वर कंपनीकडं मागतांव? नोटीस द्यायची तर जगबुडीला द्या. चहा घ्या आणि जा.”

तो व्यापारी तेथून उठला तो माझ्याकडे आला आणि मी त्याचे प्रकरण घेतले. ते मी हरलो. शोकसभेतल्या दुसऱ्या वक्त्याने याचाही उल्लेख केला, नाव न घेता, हसू येईल अशा बेताने. त्यांच्या माहितीसाठी सांगतो: ते प्रकरण पहिल्याच तारखेला फेटाळले जाईल असे सगळे म्हणत होते, मी ते तिसऱ्या तारखेपर्यंत नेले.

आता त्या निनावी तक्रारीविषयी. ‘कोणा वकिलाने असूयेपोटी तोडणकरांविरुद्ध निनावी तक्रार केली होती’ असे पत्रकाराने सांगितले. तक्रार निनावी नव्हती. तिच्याखाली माझी सही होती, पूर्ण नावानिशी, तारीख घालून. सनद नसलेली व्यक्ती कायद्याचा सल्ला देते, असे मी वकिलांच्या संघटनेला कळवले होते. असूयेपोटी, हा शब्द मात्र त्याने बरोबर वापरला.

संघटनेने तोडणकरांकडे खुलासा मागितला. दोन दिवसांनी ते माझ्या ऑफिसात आले. प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या तक्रारीची प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“वकीलसाहेब, ही तुम्हीच लिहिलात ना?”

“मीच. खाली सही आहे.”

“सही बघितली. वाचली पण दोनदा. झकास लिहिलात. मला असं लिहायला येत नाय.” मग उजवा कान पुढे करून ते म्हणाले, “उत्तर पण तुम्हीच लिहा.”

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. बराच वेळ शोधला. तो तेथे नव्हता आणि त्याचाच मला अधिक राग आला. टोमण्याला उत्तर देता येते. मी कागद ओढला आणि लिहिले: सदर इसम कोणतेही शुल्क घेत नाही, स्वतःस वकील म्हणवत नाही, तो यंत्राविषयी मत देतो, कायद्याविषयी नव्हे, शिवाय ग्राहक आयोगापुढे तक्रारदारास स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीमार्फत उभे राहण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. संघटनेने प्रकरण बंद केले. तक्रार माझी, उत्तरही माझे. दोन्हींतली एक चूक कोणी दाखवावी.

त्यानंतर वर्षभराने सुनंदा पावसकरचे प्रकरण आले, आणि तेच लोकांनी सर्वांत जास्त बिघडवून सांगितले आहे.

सुनंदाचा नवरा मुंबईत नोकरीला. ती येथे शाळेची व्हॅन चालवी. पालीच्या रस्त्यावरच्या वाड्यांमधून मुले गोळा करून रत्नागिरीच्या शाळेत आणायची आणि संध्याकाळी परत सोडायची. गाडी तिने स्वतःच्या नावावर घेतली होती. ऐन श्रावणात, मुले उतरवून परतताना, हातखंब्याच्या अलीकडे गिअरबॉक्स कडकडला आणि गाडी जागीच बसली. वॉरंटी संपून दीड महिना झाला होता. नव्या गिअरबॉक्सचा खर्च तिच्या आवाक्याबाहेर होता. शाळेने तिची फेरी तात्पुरती दुसऱ्याला दिली आणि सांगितले की येत्या जूनपर्यंत जागा राखतो, जूनमध्ये गाडी उभी राहिली नाही तर फेरी कायमची त्याची. नवऱ्याचा पगार मुंबईतच संपे, आणि तिच्यापाशी त्या फेरीखेरीज दुसरे काही नव्हते.

ती आधी माझ्याकडे आली होती. ‘एका बड्या वकिलाने तिला घराबाहेर काढले’ असे पहिला वक्ता म्हणाला. मी तिला बाहेर काढले नाही. मी कोर्टात निघालो होतो, ती पायरीवर उभी होती आणि मीही पायरीवरच होतो. म्हणजे आम्ही दोघेही बाहेरच होतो. मी विचारले, “वॉरंटी कधी संपली?” ती म्हणाली, “दीड महिना झाला, काका.” मी म्हणालो, “मग विषय संपला.” इतकेच. ती रडली नाही, मला दोष दिला नाही. “बरं, काका,” म्हणाली आणि छत्री उघडून गेली.

चौथ्या दिवशी तोडणकर तिला घेऊन माझ्या ऑफिसात हजर.

“वकीलसाहेब, हिला तुम्ही कुठली तारीख विचारलात?”

 त्यांनी सर्व्हिसिंगच्या वेळी मिळणाऱ्या तीन पावत्या टेबलावर पसरल्या. पहिली गाडी घेतल्यानंतर आठव्या महिन्यातली. तिन्हींवर शोरूमच्याच माणसाने लिहिले होते: तिसऱ्या गिअरला आवाज येतो अशी मालकाची तक्रार, तपासले, आवाज नॉर्मल.

“तीनदा सांगितलंन हिनं. तीनदा नॉर्मल लिहिलान त्यांनी. दुखणं वॉरंटीत जन्मलंय, साहेब. मरण तेवढं बाहेर आलं.” मग ते सुनंदाकडे वळून म्हणाले, “बाय, आता हे काय लिहितील ते बघ. भाषा ह्यांची. आपण दोघांनी आयुष्यभर लिहिलं तरी ह्यांच्यासारखं जमायचं नाय.”

वॉरंटी संपली म्हणून उत्पादनातच असलेला दोष नाहीसा होत नाही आणि तो उघडकीस आल्यापासून दोन वर्षांत दाद मागता येते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते. पायरीवर आठवले नाही. त्या दिवशी दुपारचे जेवण न घेता मी मसुदा लिहिला.

आणि यात माझा वाटा काय, हे कोणीच न सांगितल्यामुळे मला सांगावे लागते. गाडी भाडे घेऊन मुले नेणारी, म्हणजे धंद्याची. सबब सुनंदा ही ग्राहकच नव्हे, असा आक्षेप कंपनी घेणार हे मी आधीच ओळखले. स्वतःच्या कष्टाने, केवळ पोटासाठी जो वस्तू वापरतो तो धंदेवाला नसून ग्राहकच असतो, हा मुद्दा मी चार पानांत बांधला. तो बांधला नसता तर तोडणकरांची गाठोडी फळीवरून खाली उतरलीच नसती. ‘कायद्याचे एक पुस्तक न वाचता’ म्हणे.

आमचे भांडण झाले ते गिअरबॉक्स पाहिल्यावर. तोडणकरांनी तो उघडताना शोरूमबाहेरच्या एका गॅरेजवाल्याला आणि गाडीच्या मालकिणीला समोर उभे केले होते आणि आतले तेल मोजून बाटलीत भरून तिलाही दिनदर्शिकेचे पान बांधले होते. मी मुरुगवाड्याला जाऊन लुगड्याची गाठ सोडली मात्र, खोलीभर वास सुटला. तारली माशाच्या तेलाचा. मासेमारीच्या होड्यांच्या बुडाला पावसाआधी देतात, त्या तेलाचा.

“हे काय?” मी विचारले.

सुनंदा खाली पाहत म्हणाली, “आमच्या भावोजींची होडी हाय ना मिऱ्या बंदराला. होडीला तेल देताना दरवर्षी गाडीच्या पोटाला पण हात मारतात. खाऱ्या वाऱ्यानं गंजते म्हणून. मायेनं करतात ओ ते.”

मी डोक्याला हात लावला. समुद्रकाठच्या माणसाशिवाय ही बुद्धी कोणाला होणार? गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराची चकती असते. तारलीच्या तेलाने रबर फुगते. कंपनी म्हणणार, चकती तुम्ही खराब केलीत, तेल गळून गेले, बेअरिंग कोरडे पडून फुटले.

“याचा उल्लेख करायचा नाही,” मी म्हणालो.

“पैल्या परिच्छेदात करायचा,” तोडणकर म्हणाले.

“कंपनीने विचारलेले नाही.”

“इचारतील.”

“तेव्हा पाहू.”

“तेव्हा आपण चोर ठरू. बाटलीतलं तेल पुरं भरलंय, गळलेलं नाय, हे आपण आज म्हटलं तर खरं वाटेल. पकडल्यावर म्हटलं तर कोण ऐकेल?”

“वकिली कोण करणार, तुम्ही की मी?”

“तुम्हीच करा. पण सामान माझ्या फळीवर हाय.”

असे कोणी माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. मी टोपी उचलली. तेव्हा सुनंदा मध्ये पडली. “काका, बसा. फोरमनकाका, तुम्ही पण ओरडू नका.” मग ती मलाच म्हणाली, “हरले तर माझी फेरी जाईल, ते मला कळतंय. पण एवढा वास लपणार काय, काका? आणि माझ्या भावोजींना कोण इचारील, तर ते तिथंच सगळं सांगून मोकळे होतील. त्यांना खोटं येतच नाय.”

मी चौथ्या परिच्छेदात लिहायला तयार झालो. तोडणकर पहिल्यावर अडून राहिले. दुसऱ्यावर तडजोड झाली. सुनंदाने सही केली तेव्हा तोडणकर भिंतीकडे पाहत होते.

आयोगाने गिअरबॉक्स तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवाल आला आणि सुनावणी लागली. माघ संपत आला होता. अध्यक्षस्थानी एक बाई होत्या, करड्या आणि नेमक्या. टेबलावर गाठोडे उघडले गेले आणि खोलीतल्या प्रत्येकाने नाकाला काहीतरी लावले. एकट्या कंपनीच्या वकिलांनी आधीपासूनच लावलेले होते. ते शांतपणे म्हणाले, “गाडीची निगा कशी राखली गेली, याचा कोणताही पुरावा समोर नाही.”

बाई म्हणाल्या, “वकीलसाहेब, आपल्याला वास येत नाही का?”

“कसला वास?”

खोली हसली. शिपाईही हसला. सहकाऱ्याने त्यांच्या कानात सांगितले तेव्हा ते एकदम सावध झाले आणि, त्यांचे श्रेय त्यांना देतो, क्षणात मुद्द्यावर झेपावले. “बाहेरचा पदार्थ! तक्रारदारानेच रबर निकामी केले!” डोळे पुसत पुसत ते हे म्हणाले. रडवण्याची जी काही दंतकथा आहे, तिचे मूळ एवढेच.

“ते त्यांनी दुसऱ्या परिच्छेदात स्वतःहून लिहिले आहे,” बाई पान उलटत म्हणाल्या. “आपण तक्रार वाचली आहे ना?”

मग तोडणकरांना पुढे बोलावले. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. “हे आतलं तेल, मॅडम. काढताना मोजलंय, गॅरेजवाल्याची सही हाय. कंपनीच्या पुस्तकात जेवढं असायला पायजे तेवढंच हाय. गळलं असतं तर हे आलं कुठनं?” अहवालही तेच सांगत होता: चकती बाहेरून मऊ पडलेली, आतून शाबूत, बेअरिंग एकाच बाजूने झिजलेले, कारण ते जेथे बसते ते भोक मुळातच तिरपे पाडलेले. त्या तीन पावत्यांवर लिहिलेला नॉर्मल आवाज हा त्या तिरप्या भोकाचा होता.

तोडणकर सात मिनिटे बोलले. मी ग्राहक कोण या मुद्द्यावर पाऊण तास बोललो. बाईंनी त्यांना मध्येच थांबवून तीन प्रश्न विचारले, पुढे वाकून. मला एकही विचारला नाही; माझे बोलणे त्या लिहून घेत होत्या. ते कितीही सन्मानाचे असले तरी कोणी आपल्याकडे वाकून ऐकावे, ही गोष्ट वेगळी असते.

निकाल चैत्रात लागला. कंपनीने नवा गिअरबॉक्स विनामूल्य बसवून द्यावा. नुकसानभरपाई मात्र नाही, कारण तेलाचा हात तक्रारदाराकडूनच लागला होता. मी म्हणालो, “पाहिलेत? लिहिले नसते तर भरपाईही मिळाली असती.” तोडणकर म्हणाले, “बरोबर केलान बाईंनी. तेल आपलंच होतं.” निकालपत्रात ‘तक्रारदाराच्या प्रांजळपणामुळे तिच्या इतर कथनावर विश्वास ठेवावासा वाटतो’ असे एक वाक्य आहे. ते माझ्या विरुद्ध वाचता येते, हे मला कळते. माझे मत तरीही वेगळे आहे.

पेढे मुरुगवाड्यात वाटले गेले. माझ्याकडे सुनंदा डबा घेऊन आली, वाकून नमस्कार केला, आणि डबा परत नेण्यासाठी थांबली. पुढच्या खेपेला ती तोडणकरांकडे गेली असेल तेव्हा थांबली नसेल, बसली असेल.

अपिलाची मुदत उलटली. कंपनी वर गेली नाही. गिअरबॉक्स जूनच्या पहिल्या आठवड्यात बसला आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तोडणकर व्हॅनमध्ये बसून माझ्या दारात आले. “चला वकीलसाहेब, पालीपर्यंत जाऊन येऊ.” इतकी प्रकरणे जिंकलो, जिंकलेली वस्तू पुढे चालते की नाही हे पाहायला मी कधी गेलो नव्हतो. निकालाची नक्कल हातात आली की माझे काम संपे. का जायचे हे मला कळले नाही, पण मी चढलो.

तोडणकर पुढे बसले नाहीत. मुलांच्या बाकावर, बरोबर गिअरबॉक्सच्या वर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. अलीकडे ते थकले होते. मला ते दिसत होते आणि मी विचारले नव्हते. मी काही बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “साहेब, जरा गप बसा.” कुवारबाव गेले. हातखंबा गेला. चढाला सुनंदाने गाडी तिसऱ्यात घातली आणि आरशातून मागे पाहिले. तोडणकरांनी डोळे मिटले आणि उजवा कान खाली झुकवला. तो संपूर्ण चढ ती आरशात पाहत होती आणि रस्ता मी पाहत होतो.

माथ्यावर आल्यावर त्यांनी डोळे उघडले. “ऐकलात?” त्यांनी मला विचारले.

“ऐकले,” मी म्हणालो.

“काय ऐकलात? आता ऐकायला काय नाय उरलेलं,” असे म्हणून ते हसू लागले, आणि पुढे सुनंदाही हसू लागली, इतकी की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग ती स्टिअरिंगवर डोके टेकून खरोखरच रडली. त्या सगळ्या प्रकरणात कोणी रडले असेल तर ती, आणि याला साक्षीदार मी एकटा आहे.

पालीच्या बाजारात मला एकाला भेटायचे होते, म्हणून मी उतरलो, परतीला एस. टी. होतीच. खरे तर कोणाला भेटायचे नव्हते. सुनंदाने गाडी वळवली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी माझ्यासमोरून रत्नागिरीकडे गेली, वेग घेत, पहिला, दुसरा, तिसरा. मागच्या काचेतून तोडणकर दिसले, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, सुखाने. मी हात वर केला होता. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढे महिनाभरात ते गेले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिच्याकडे कान लावून उभा होतो आणि मला काही म्हणता काही ऐकू आले नाही.